उदकभाग, उत्सर्ग आणि पाणीपट्टी : हिंगोली प्रांतांतील जलशासनाचीं साधनें

वाशीमजवळ, पैनगंगेच्या उत्तरेस, हिस्से बोराळा नांवाचें एक खेडें आहे. तेथील शिलालेखावरून असें कळतें कीं, वत्सगुल्माच्या वाकाटक शाखेंतील राजा देवसेन याच्या कारकीर्दींत शक ३८० मध्यें, म्हणजे इ. स. ४५८ च्या सुमारास, स्वामिल्लदेव नांवाच्या त्याच्या एका आज्ञाकर सेवकानें ‘सुदर्शन’ नामक तळें बांधविलें. शककालाचा नांवानिशीं निर्देश करणाऱ्या अगदीं जुन्या लेखांपैकीं हा एक आहे व त्यांत सप्तर्षींची नक्षत्रस्थितीही दिलेली आहे. त्यामुळें कालगणनेच्या अभ्यासकांनीं त्याची पुष्कळ चिकित्सा केली. तळ्याकडे त्या मानानें लक्ष कमी गेलें. वस्तुतः लेख खोदविण्याचें कारण तळें हेंच. मिति ही त्यास जोडलेली पुस्ती होय.

‘सुदर्शन’ हें नांव वाचतांच कोणाही संस्कृतज्ञास गिरनारची आठवण व्हावी. जुनागडच्या खडकावरील रुद्रदामनाच्या लेखांत (शक ७२, इ. स. १५०) तेथील सुदर्शन तडागाची कुळकथाच दिली आहे. चंद्रगुप्त मौर्याचा राष्ट्रिय वैश्य पुष्यगुप्त यानें तें करविलें. अशोकाच्या वेळीं यवनराज तुषास्फ यानें त्यास पाट काढिले. वादळांत बांध फुटला तेव्हां रुद्रदामनाचा अमात्य सुविशाख यानें तो पुनः बांधिला. पुढें स्कंदगुप्ताच्या अमदानींत, गुप्तसंवत् १३६ मध्यें (इ. स. ४५५-५६), बांध पुनः फुटला व पुढच्याच वर्षीं चक्रपालितानें तो दुरुस्त केला. म्हणजे सौराष्ट्रांतील सुदर्शनाची डागडुजी होऊन दोन वर्षें होतात न होतात तोंच इकडे वाशीमजवळ त्याच नांवाचें दुसरें तळें उभें राहतें. नांव उसनें घेतलें आहे यांत मला संशय वाटत नाहीं. आणि नांवाबरोबर, तळें बांधणें व राखणें हें राजसेवकाचें काम आहे ही समजूतही आली असावी.

प्रस्तुत लेखाचा विषय ही समजूतच आहे. पाणी आकाशांतून पडतें. परंतु तें अडविणें, वांटणें, त्याचा मोबदला घेणें आणि तंटा तोडणें यांस शासन लागतें, व शासनास साधनें लागतात. हीं साधनें हिंगोलीच्या आसपासच्या मुलुखांत कोणकोणतीं होतीं, त्यांपैकीं कोणतीं आज कायद्याच्या रूपानें चालू आहेत, आणि कोणतीं कागदावर असूनही चालेनाशीं झालीं, एवढें दाखविण्याचा हेतु आहे. हिंगोली जिल्हा ता. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. तेव्हां ‘हिंगोली प्रांत’ हा शब्द येथें सैलपणें, पूर्णा व पैनगंगा यांच्या दरम्यानचा प्रदेश अशा अर्थानें योजिला आहे.

प्रथम पैशाचें पाहूं. रुद्रदामनाच्या लेखाचें मर्म त्याच्या अलंकारिक गद्यांत नसून खर्चाच्या हकीगतींत आहे. भगदाड फार मोठें म्हणून राजाच्या मतिसचिवांनीं व कर्मसचिवांनीं काम हातीं घेण्यास विरोध केला, लोक हवालदील झाले, तेव्हां कर, विष्टि व प्रणय यांनीं प्रजेस न पिडतां राजानें स्वतःच्या कोशांतून बांध घातला, असें तो लेख सांगतो. विष्टि म्हणजे वेठ. प्रणय म्हणजे येथें प्रेम नव्हे; अडचणीच्या प्रसंगीं राजानें गोडीगुलाबीनें मागितलेली वर्गणी. शाळेंत हा उतारा शिकवितांना या शब्दापाशीं वर्ग हमखास हंसे, व मग तो शब्द कोणी विसरत नसे. लेख प्रशस्तिपर आहे हें खरें. परंतु ‘अमुक केलें नाहीं’ अशी प्रशस्ति ज्या अर्थीं करावी लागली त्या अर्थीं तें एरवीं केलें जात असे.

नित्याच्या उत्पन्नाचें साधन कौटिलीय अर्थशास्त्रांत सांपडतें. तंजावरकडील एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथालयास दिलेल्या पोथीवरून आर. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं तो ग्रंथ छापिला. त्यापूर्वीं, पाणीपट्टी ही इंग्रजांनीं आणिली असें कोणीं म्हटल्यास त्यास ग्रंथाधारें उत्तर देणें अवघड होतें. एक पोथी काय करूं शकते याचें हें उदाहरण. सीताध्यक्षाच्या प्रकरणांत (अधिकरण २, अध्याय २४) ‘उदकभागा’चे दर दिले आहेत. स्वतःच्या सेतूवरून हातानें पाणी काढणारानें पांचवा हिस्सा द्यावा, खांद्यावरून (म्हणजे, टीकाकारांच्या मतें, बैलांच्या) आणणारानें चौथा, आणि प्रवाही यंत्रानें घेणारानें तिसरा. नदी, सरोवर, तळें किंवा विहीर यांतून उपसलेल्या पाण्यास चौथा. स्वतःच्याच सेतूवर राजभाग कां, यावर पंडितांचा वाद आहे. दरांचें तत्त्व मात्र उघड आहे. ज्यास श्रम अधिक, त्याचा देय भाग कमी.

हेंच तत्त्व मराठी दप्तरांत दोन शब्दांत सांठविलेलें आहे : पाटस्थळ आणि मोटस्थळ. बागाइताच्या आकारणींत पाटाच्या पाण्यावर भिजणारी जमीन निराळी लिहीत, विहिरीवर मोट चालवून भिजणारी निराळी; पहिलीचा दर सामान्यतः चढा. आजच्या पाटबंधारे खात्याच्या दरपत्रकांतही कालव्यानें आपसूक येणाऱ्या पाण्याचा दर अधिक, व शेतकऱ्यानें स्वखर्चानें उपसा करून घेतलेल्या पाण्याचा कमी असतो. मोटेच्या जागीं विजेचा पंप आला. कोणीं कोणाची नक्कल केली असें माझें म्हणणें नाहीं. परंतु आपल्या संग्रहांतील लावणीच्या झाडत्यांत ‘पाटस्थळ’ व ‘मोटस्थळ’ अशा दोन सदरांखालीं आंकडे मांडलेले दिसले, तर तीं केवळ महसुलाचीं सदरें समजून पान उलटूं नये. तें त्या गांवाच्या जलनीतीचें पान आहे.

दुसरें साधन सूट. नवें तळें किंवा सेतुबंध घालणारास पांच वर्षें, मोडून पडलेलें दुरुस्त करणारास चार, झाडाझुडपांनीं भरलेलें साफ करणारास तीन वर्षें माफी, असें कौटिल्य सांगतो (अधिकरण ३, अध्याय ९). उलट पांच वर्षें ज्याचा उपयोगच केला नाहीं अशा सेतूवरील मालकी, आपत्काल वजा करून, नष्ट होते. मराठी अमदानींतील इस्ताव्याचा कौल याच जातीचा : पडीक जमीन लागवडीस आणणारास पहिल्या सालीं थोडा सारा, मग दरसाल चढता. निजामी मुलुखांत तळें बांधणारास वा राखणारास जमीन किंवा साऱ्यांतील हिस्सा लावून देण्याची दस्तबंदाची वहिवाट होती. ती प्रामुख्यानें तेलंगणाची. तेथील उंचसखल ग्रॅनाइटी भूमि तळ्यांना सोयीची. मराठवाड्याच्या काळ्या जमिनींत जिराइत पीक आणि विहीर हाच खरा आधार. त्यामुळें हैदराबादच्या दरबाराची जलनीति तळ्यांभोंवतीं वाढली, आणि विहिरींच्या मराठी जिल्ह्यांकडे ती मोजणी-आकारणीच्या खिडकींतून पाहत राहिली. हिंगोलीकडील कागदांत दस्तबंदापेक्षां विहिरीच्याच नोंदी अधिक भेटाव्यात, हें या भूगोलाचें फळ आहे.

दंडाविषयीं थोडक्यांत. तळें फोडणारास पाण्यांत बुडवून मारावें अशी शिक्षा मनूनें सांगितली आहे (९.२७९), जुन्या तळ्याचें पाणी हिरावून घेणारास किंवा त्याची आवक तोडणारास मात्र प्रथमसाहस दंड (९.२८१). कौटिल्य पाटाचें दार सोडून भलतीकडून पाणी काढणारास सहा पण दंड लावतो व दुसऱ्याचें पाणी प्रमादानें अडविणारासही तितकाच. माझा कौल कौटिल्यास आहे. मृत्युदंड ग्रंथांत शोभतो; सहा पण वसूल करितां येतात.

सर्वांत विचार करण्याजोगें साधन मात्र धर्मशास्त्रांत आहे, आणि त्याची गणना सहसा शासनाच्या साधनांत होत नाहीं. तें म्हणजे उत्सर्ग. दान व उत्सर्ग यांतला भेद निबंधकारांनीं बारकाईनें केला आहे. दानांत एकाचें स्वत्व जाऊन दुसऱ्या नेमक्या व्यक्तीचें स्वत्व उत्पन्न होतें. दात्यास मग त्या वस्तूशीं संबंध उरत नाहीं. उत्सर्गांत कर्ता स्वत्व सोडतो, पण तें सर्व भूतांकरितां सोडतो. म्हणून विहीर किंवा तळें उत्सर्जित केल्यावर कर्त्यानें त्यांतलें पाणी प्यावें कीं नाहीं, असा प्रश्न निघाला व बहुतेकांनीं ‘प्यावें, सर्वांपैकीं एक या नात्यानें’ असा निर्णय दिला. म. म. पां. वा. काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासांत या मुद्द्याचें विवेचन केलें आहे. नीलकंठभट्टाच्या भगवंतभास्करांतील बारा मयूखांपैकीं एक स्वतंत्र मयूखच उत्सर्गावर आहे. नीलकंठाचें घराणें मूळचें पैठणचें, तेव्हां हा ग्रंथ काशींत लिहिला गेला तरी त्याचें मूळ गोदातीरींचेंच म्हणावयास हरकत नाहीं. त्याच्या पोथ्या आपल्या अनेक संग्रहांत आहेत. त्या विधीच्या पोथ्या म्हणून बांधून ठेविलेल्या असतात. विधि बाजूस ठेवून पाहिलें तर हा मालकीविसर्जनाचा दस्तऐवज आहे : पाण्यावर खासगी मालकी उरत नाहीं, आणि राजाचीही उत्पन्न होत नाहीं. सर्वांचें असें जें स्वतंत्र खातें, त्यांत पाणी जमा होतें. अर्थात् ‘सर्व’ या शब्दाची व्याप्ति गांवच्या पाणवठ्यावर किती होती तें आपण जाणतोंच. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालीं करावा लागला तो ग्रंथांतील ‘सर्व’ व घाटावरील ‘सर्व’ यांतील अंतरामुळेंच.

आतां अर्वाचीन कायद्यांकडे वळूं. हैदराबादी फसली सनांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. ‘हैदराबाद पाटबंधारे कायदा, १३५७ फसली’ (त्या सालचा २४ वा) हा त्या हिशेबानें १९४७-४८ चा, म्हणजे निजामी राज्याच्या अगदीं अखेरच्या वर्षाचा. सप्टेंबर १९४८ मध्यें तें राज्य भारतांत विलीन झालें, कायदा राहिला. मराठवाडा ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, ता. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झालें, तरी कायदा होताच. त्या काळीं एकाच राज्यांत पाटबंधाऱ्याचे तीन कायदे नांदत होते : पश्चिम महाराष्ट्रांत मुंबईचा १८७९ चा, विदर्भांत मध्यप्रांताचा १९३१ चा, आणि मराठवाड्यांत हा फसली. पैनगंगेच्या दक्षिण तीरीं कळमनुरीकडे एक कायदा, उत्तर तीरीं पुसदकडे दुसरा. नदी एक, पूर एक, कलमें दोन.

हे तिन्ही कायदे रद्द करून ‘महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६’ (त्या सालचा ३८ वा) करण्यांत आला. त्याची रचना सुबोध आहे. शासनानें अमुक नदीचें पाणी कालव्याकरितां घेतलें जाईल अशी अधिसूचना काढावयाची; लाभक्षेत्र जाहीर करावयाचें; कालवा-अधिकारी नेमावयाचे; ज्यांच्या पूर्वापार पाण्यास बाध येतो त्यांचे दावे मुदतींत ऐकावयाचे; शेतकऱ्यानें अर्ज करावयाचा, मंजुरी मिळाल्यावर पाळीनें पाणी घ्यावयाचें व पट्टी भरावयाची. शेतकरी ज्यास ‘सात नंबरचा फॉर्म’ म्हणतो तो हाच अर्ज. गांवोगांवच्या लहान बंधाऱ्यांना, म्हणजे दुय्यम दर्जाच्या कामांना, वेगळें प्रकरण असून त्यांच्या हक्कांची नोंदवही तयार करण्याची तरतूदही आहे.

परंतु अधिनियमाखालीं करावयाचे नियम तीन दशकें उलटून गेलीं तरी झाले नाहींत. औरंगाबादच्या (आतां छत्रपती संभाजीनगर) जल व भूमि व्यवस्थापन संस्थेंतील अध्यापक प्रदीप पुरंदरे यांनीं हा मुद्दा वर्षानुवर्षें मांडिला. नद्यांच्या, लाभक्षेत्रांच्या व अधिकाऱ्यांच्या अधिसूचनाही अनेक ठिकाणीं अपुऱ्या राहिल्या, असें त्यांनीं दाखविलें. मग कारभार कशावर चालला? रद्द झालेल्या कायद्यांखालचे नियम नव्याशीं विसंगत नसतील तोंवर चालू राहावेत, अशा बचावाच्या कलमावर. म्हणजे कायदा मेला आणि त्याचे नियम मागें राहिले. आपल्या वाचकांस हें ओळखीच्या भाषेंत सांगावयाचें तर श्रौतसूत्र नवें आहे, पण त्यावर प्रयोगपोथी कोणीं लिहिली नाहीं. ऋत्विज दुसऱ्या शाखेच्या जुन्या प्रयोगावरून होम करीत आहेत. होम होतो, पण चोरून पाणी घेणारावर खटला भरण्याची वेळ आली कीं कोणत्या शाखेचा मंत्र म्हटला हें विचारलें जातें. नियमावांचून दंड दुबळा, आणि दंडावांचून कालव्याच्या शेवटच्या टोंकाचा शेतकरी कोरडा, अशी ही सांखळी आहे. सहा पण वसूल होत ते कौटिल्य कडक होता म्हणून नव्हे. दार कोठें आहे, पाळी कोणाची आहे व वसूल कोणीं करावयाचा, हें ठरलेलें होतें म्हणून.

हा प्रश्न हिंगोलींत पुस्तकी नाहीं. पूर्णा प्रकल्पाचीं येलदरी व सिद्धेश्वर हीं दोन्ही धरणें १९६८ सालीं पुरीं झालीं. येलदरी जिंतूर तालुक्यांत, परभणी जिल्ह्यांत. खालचें सिद्धेश्वर औंढा तालुक्यांत, हिंगोली जिल्ह्यांत. येलदरीचा उपयुक्त सांठा सुमारें ८१० दशलक्ष घनमीटर; सिद्धेश्वराचा सुमारें ८१, म्हणजे बरोबर दशांश. येलदरी हें कोठार, तेथें सोडतांना पाण्यावर वीजही होते. सिद्धेश्वर ही ओसरी, तेथून कालवे वसमत, परभणी व नांदेडकडे जातात. कोठाराची किल्ली एका जिल्ह्यांत व ओसरी दुसऱ्यांत, म्हणून पाणी केव्हां सोडावें याचा निर्णय एकट्या हिंगोलीचा असूं शकत नाहीं. पैनगंगेवरील इसापूर धरण १९८२ चें, उपयुक्त सांठा सुमारें ९६४ दशलक्ष घनमीटर. तें यवतमाळ व हिंगोली यांच्या सीमेवर आहे आणि त्याचा उजवा कालवा नांदेडकडे जातो. मोठें पाणी जिल्ह्याच्या कडेकडेनें जातें. मधून वाहणारी कयाधू पैनगंगेस मिळते.

याहून लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आंतरराज्यीय करारांत आहे. घटनेप्रमाणें पाणी हा राज्याचा विषय (राज्यसूची, क्रमांक १७), तर आंतरराज्यीय नद्यांचें नियमन केंद्राचें (केंद्रसूची, क्रमांक ५६). १९५६ च्या आंतरराज्यीय जलविवाद अधिनियमान्वयें १९६९ सालीं न्यायमूर्ति बचावत यांच्या अध्यक्षतेखालीं गोदावरी लवाद नेमला गेला व त्याचा अंतिम निवाडा १९८० सालीं झाला. त्यांत ता. ६ ऑक्टोबर १९७५ चा महाराष्ट्र-आंध्र करार समाविष्ट आहे. त्या कराराप्रमाणें गोदावरीवर पैठण धरणापर्यंतचें व पूर्णेवर सिद्धेश्वर धरणापर्यंतचें सर्व पाणी महाराष्ट्रानें वापरावें. त्यांच्या व मांजरेवरील निझामसागराच्या खालून पोचमपाडपर्यंत मात्र नव्या कामांसाठीं ६० अब्ज घनफुटांहून अधिक वापरूं नये. अर्थात् सिद्धेश्वरचा बांध हा नुसता बांध नाहीं, ती शिवेची शिळा आहे. धरणाच्या वर एक न्याय, खालीं दुसरा. लवादानें खोऱ्याचे जे उपविभाग पाडले त्यांत पूर्णा तिसरी व पैनगंगा सातवी. म्हणून एकाच हिंगोली जिल्ह्याचें पाणी दोन खात्यांत लिहिलें जातें. जुन्या महजरांत शिवेच्या खुणा म्हणून ओढे, वड व धोंडे वाचण्याची ज्यांना संवय आहे, त्यांना हा करार वाचावयास कठीण जाऊं नये.

केंद्रानें १९८७, २००२ व २०१२ सालीं राष्ट्रीय जलनीति जाहीर केली. पिण्याच्या पाण्यास अग्रक्रम, खोरें हें नियोजनाचें एकक, इत्यादि तत्त्वें तींत आहेत. परंतु नीति म्हणजे संकल्प, विधि नव्हे. विधि राज्यानें करावयाचा. महाराष्ट्रानें २००५ सालीं दोन केले. एकानें पाणीवापर संस्थांस घनमापन पद्धतीनें पाणी मोजून देण्याची सोय केली. दुसऱ्यानें जलसंपत्ति नियमन प्राधिकरण स्थापिलें व पाण्याच्या हक्काचा कोटा आणि ठोक दर ठरविण्याचें काम त्याकडे दिलें. वरच्या व खालच्या धरणांत तूट सारखी वांटून घ्यावी हें त्या दुसऱ्या कायद्यांतील कलम जायकवाडीच्या वादांत गाजलें. प्राधिकरणाचे पंख मात्र लवकरच छाटले गेले : शेती, उद्योग व पिण्याचें पाणी यांत वांटणी करण्याचा अधिकार २०११ च्या दुरुस्तीनें मंत्रिमंडळाकडे गेला. भूजलाचा १९९३ चा कायदा सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आंत नवी विहीर घेण्यास आडकाठी करीत होता. त्याच्या जागीं २००९ चा अधिनियम आला व २०१४ मध्यें अंमलांत आला. त्यांत ६० मीटरांहून खोल विहिरीवर नियंत्रण आहे. विहिरीच्या या मुलुखास खरा लागू पडणारा कायदा हाच. पण जमिनीखालचें पाणी जमिनीबरोबर माझें, ही समजूत उत्सर्गाच्या अगदीं उलट टोंकाची असून आज बोअरच्या प्रत्येक छिद्रापाशीं तीच उभी असते.

आतां संग्राहकांकडे एक मागणें. दावे मुदतींत ऐकावयाचे, दुय्यम बंधाऱ्यांच्या हक्कांची नोंद करावयाची, असें कायदा म्हणतो तेव्हां तो पुरावा मागतो, आणि पुरावा आपल्या बाडांत आहे. देशमुखीच्या सनदा व वतनाचे महजर आपण जपतों. लावणीच्या झाडत्या, विहिरीवरील पट्टीचे ताळेबंद व बंधाऱ्याच्या दुरुस्तीच्या याद्या ‘हिशेबी कागद’ म्हणून बांधावर टाकितों. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा व वसमत या पांच तालुक्यांत ज्यांच्या घरीं मोडी किंवा उर्दू दप्तर असेल त्यांनीं पाटस्थळ, मोटस्थळ, बारव, बावडी, बंधारा, आबपाशी, दस्तबंद यांपैकीं एकही शब्द जेथें दिसेल तो कागद वेगळा काढावा. त्यावरचा सन शक, हिजरी कीं फसली हें स्पष्ट टिपावें, कारण फसलीचे इसवींत रूपांतर करितांना ५९० न मिळवितां हिजरीचें गणित लाविल्यास विहीर आपल्या मालकाहून जुनी किंवा त्याच्या नातवाहून नवी ठरते. गांव, पाण्याचें स्थळ व सांपडल्यास पाळीचा क्रम लिहून ठेवावा. कागदाचें वाचन सवडीनें झालें तरी चालेल.